वृद्धाश्रमाचा दर विचारताना
बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वृद्धाश्रम बघायला गेलात तर नुसता महिन्याचा आकडा ऐकून परतू नका. तो बहुधा चालत्या-फिरत्या माणसाचा असतो. अंथरुणाला खिळल्यावरचा दर आजच लिहून घ्या. डायपर, औषधं, रात्रीची आया, ॲम्ब्युलन्स वेगळी, आणि बिल फुगतं ते तिथंच. डिपॉझिटमधून काय कापणार, दवाखान्यात ॲडमिट असताना खोलीभाडं चालू राहणार का, दरवर्षी किती टक्के वाढ, हे करारात हवं. करार कन्नडात असेल तर सहीआधी जाणकाराकडून ओळीनं वाचून घ्या. घर मुलांना बक्षीसपत्रानं देणार असाल तर सांभाळाची अट त्यातच घाला. मुलांनी सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं ते २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ नं, आणि ते कलम त्या अटीवरच चालतं. फी झेपतच नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर मोफत आश्रमाची चौकशी करा.