ब्रिस्बेनच्या किंडीत कोआला शिकवताना

किंडी म्हणजे इथला शाळेआधीचा बालवर्ग. तिथल्या प्लेसमेंटच्या, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून करायच्या प्रत्यक्ष कामाच्या, दुसऱ्या आठवड्यात रूम लीडर म्हणाली, उद्याचा ग्रुप टाइम तू घे, विषय कोआला. रात्री दोनपर्यंत बसून मी चित्रं कापली, लॅमिनेट केली, कान चिकटवायला कापसाचे गोळे मोजून ठेवले. सकाळी चार वर्षांची अकरा मुलं मांडी घालून समोर. पहिलं चित्र वर धरून मी म्हटलं, हा कोआला बेअर. पुढे बसलेली एक पोरगी अगदी शांतपणे म्हणाली, "तो बेअर नाहीये. आमच्या मागच्या झाडावर येतो तो. रात्री डुकरासारखा ओरडतो." झालं. पुढची दहा मिनिटं ग्रुप टाइम तिनेच घेतला. नर कोआला ओरडतो म्हणजे नेमकं काय करतो, हे तिने जमिनीवर लोळून करून दाखवलं. माझे कापसाचे गोळे पिशवीतच राहिले.

इकडे चाइल्डकेअरमध्ये येऊ पाहणाऱ्या मैत्रिणी मला कागदपत्रांचंच विचारतात, म्हणून ते आधी उरकते. सर्टिफिकेट थ्री या चाइल्डकेअरच्या सुरुवातीच्या कोर्सला किमान 160 तासांची प्लेसमेंट लागते, डिप्लोमाला 280. क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेनच्या राज्यात, ब्लू कार्ड (मुलांसोबत काम करायचा सरकारी परवाना) हातात आल्याशिवाय पगारी कामाचा पहिला दिवससुद्धा भरता येत नाही. 31 ऑगस्ट 2020 पासून तसा कायदाच आहे. त्यामुळे अर्ज लवकर करा. आपल्याकडचं बी.एड. असलं तरी किंडीची टीचर म्हणून थेट घेतील असं धरून चालू नका, परदेशी पदव्यांची तपासणी एसीईसीक्यूए ही राष्ट्रीय संस्था करते. एवढं पुरे. हे सगळं अधिकृत संकेतस्थळांवर मिळतं. जे मिळत नाही ते सांगते.

आपण मराठी शाळेत वाढलेले लोक माहिती द्यायला उभे राहतो. कोआला काय खातो? पाला. कुठे राहतो? झाडावर. सगळे म्हणा! इथे मुलांना असं म्हणायला लावलं की ती उठून वाळूत खेळायला जातात, आणि त्यांना कोणी अडवत नाही. त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

मी राजमा दिला. कोआलाचं पिल्लू जेमतेम 35 दिवसांत जन्मतं, साधारण दोन सेंटिमीटरचं, वजन एक ग्रॅमही नाही. केस नाहीत, डोळे मिटलेले, आणि तसंच ते चढत आईच्या पिशवीत शिरतं. "दोन सेंटिमीटर" म्हणून चार वर्षांच्या पोराला काय कळणार? तळहातावर राजम्याचा दाणा ठेवला, की ते आपोआप मूठ हलकेच मिटतं आणि आवाज खाली आणतं. हाच वाडगा मी हौसेने शेजारच्या टॉडलर रूममध्ये नेला, तर तिथल्या एज्युकेटरने एक शब्द न बोलता तो माझ्या हातातून काढून घेतला. दोन वर्षांची मुलं! दाणा तोंडात जातो, नाही तर नाकात. तेव्हापासून लहानांसाठी दाणे जाड पुठ्ठ्यावर, वरून पारदर्शक चिकटकागद, चारही कडा पक्क्या.

दुसरी गोष्ट सांगायला मी वर्षभर लाजत होते. पिल्लू सहा महिन्यांच्या आसपासचं झालं की आई त्याला दुधाबरोबरच एक खास पातळ विष्ठा खाऊ घालते. इंग्रजीत तिला 'पॅप' म्हणतात. निलगिरीचा पाला चिवट आणि विषारी असतो, तो पचवायला लागणारे जिवाणू पिल्लाच्या पोटात त्यातूनच जातात. वर्गात शी-शूचं बोलायचं नाही, हे आपल्या हाडीमांसी भिनलेलं. शेवटी एकदा सांगितलं. आधी सगळे किंचाळले, मग एकाने विचारलं, "पण मग आईच्या पोटात ते कुठून आले?" तिच्या आईकडून. "आणि तिच्या?" शिक्षिकेला याहून चांगला प्रश्न कुणी विचारत नाही. त्या दिवशीच्या ऑब्झर्वेशनमध्ये, म्हणजे मुलांबद्दलच्या लेखी नोंदीत, मी त्याची ही दोन वाक्यं जशीच्या तशी लिहिली. नवीन असताना मी 'मुलाने आनंदाने सहभाग घेतला' छापाचं लिहायचे आणि रूम लीडर लाल शाईने विचारायची: तो नेमकं काय बोलला?

झाडांच्या बाबतीत माझी स्वतःचीच पाटी पुसायला लागली. आपल्याकडे निलगिरी म्हणजे बांधावर लावलेलं, जमिनीतलं पाणी पिणारं परकं झाड, नाही तर सर्दीला रुमालावर टाकायचं तेल. इथे ते घरचं झाड, आणि एकच नाही, शेकडो जाती. कोआला त्यातल्या मोजक्याच खातो. त्यामुळे 'झाडं लावली की कोआला येतील' असं मुलांना सांगू नका, कुठलं झाड ते महत्त्वाचं. आमच्या भागात ग्रे गम आहे. तिच्या गुळगुळीत खोडावर कोआलाच्या नखांचे ओरखडे स्पष्ट दिसतात. मुलांना कागद आणि मेणखडू देऊन ते ओरखडे उतरवून घ्यायला लावा. अर्धा तास कोणी भांडत नाही.

इथल्या मूळ रहिवाशांचा उल्लेख भिंतीवरच्या पोस्टरपुरता ठेवू नका. 'कोआला' हा शब्दच सिडनीकडच्या धारुग भाषेतून आलाय. ब्रिस्बेनच्या दक्षिणेकडच्या युगंबे भाषेत त्याला 'बोरोबी' म्हणतात, 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेच्या निळ्या शुभंकराचं नाव तेच. मुलं हा शब्द पटकन उचलतात. मला मराठीत काय म्हणतात असंही विचारतात. कोआलाच, म्हटल्यावर त्यांचा हिरमोड होतो.

अवघड प्रश्न येणारच. शेजाऱ्याच्या कुत्र्याने कोआलाला चावलं, पुढे काय झालं? 2022 च्या फेब्रुवारीपासून क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशात कोआला 'संकटग्रस्त' यादीत आहे. जंगलतोड, गाड्या, कुत्रे, क्लॅमिडिया हा संसर्गजन्य आजार, वणवे, कारणं बरीच. हा सगळा पाढा चार वर्षांच्या मुलापुढे वाचायचा नसतो, पण खोटंही बोलायचं नाही. मी म्हणाले, तो मेला. मग त्यांना करता येईल असं एक सांगितलं: जमिनीवर बसलेला कोआला दिसला तर जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. त्याची नखं कशी असतात ते ओरखड्यांवरून त्यांना ठाऊक होतंच.

ती पहिल्या दिवशीची पोरगी एका सोमवारी झिपच्या पिशवीत कोआलाच्या लेंड्या घेऊन आली. लांबट, खारकेच्या बीसारख्या. हातमोजे घालून मी एक मोडली आणि पिशवी सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवली. तिने दोनदा हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या रुमालाचा वास येतोय."