जुन्या फोटोतली माणसं हलती करताना चेहरा कसा जपावा

आजीचा नऊवारीतला स्टुडिओ फोटो एआयला दिला की पाच-आठ सेकंदांच्या व्हिडिओत ती पापणी लववते, मान किंचित वळवते, हसते. फेब्रुवारी 2021 मध्ये मायहेरिटेज या वंशावळीच्या संकेतस्थळाने फोटोतले चेहरे हलवणारं ‘डीप नॉस्टॅल्जिया’ आणलं तेव्हा ही नवलाई होती, आता साध्या फोनवरूनही होतं. अडचण एवढीच, की हलायला लागलेली बाई पुष्कळदा आपली आजी राहत नाही. नाक सरळ होतं, गाल गुळगुळीत होतात, दात भलत्याच कुणाचे येतात. हे टाळायचं, तर निम्म्याहून जास्त काम फोटो एआयकडे देण्याआधीच करावं लागतं.

आधी मूळ फोटो शोधा

व्हॉट्सॲपवर फिरत आलेली प्रत घेऊ नका. तिच्यातला बारीक तपशील निघून गेलेला असतो आणि एआय ती जागा स्वतःच्या अंदाजाने भरतं. मूळ कागदी फोटो पोस्टकार्डाएवढा असेल तर 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचा असेल तर 1200 ला. स्कॅनरमधली धार वाढवण्याची आणि डाग काढण्याची आपोआप चालणारी सोय बंद ठेवा. फाइल टिफमध्ये (तपशील न गमावता साठवणाऱ्या प्रकारात) साठवा.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. जुन्या फोटोवरचे पिवळट डाग निळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे स्कॅनमधल्या फक्त निळ्या रंगाच्या थरात, गडद दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. गिम्प किंवा फोटोपी या फुकट साधनांत फक्त लाल चॅनेल घेऊन त्याचा कृष्णधवल फोटो केला, की डाग खोडत बसायचं बरंच काम वाचतं.

काही जुन्या फोटोंचा कागद जाळीदार, खडबडीत असतो. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडत असल्यामुळे प्रत्येक उंचवट्याची सावली उमटते आणि चेहऱ्यावर ठिपके दिसतात. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करा. दुसरी प्रत सरळ करून पहिलीवर तंतोतंत बसवा आणि वरचा थर 50 टक्के पारदर्शक ठेवा. दोन्हीकडच्या सावल्या एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात.

भिंतीवरच्या तसबिरीच्या काचेवर गंध, कुंकू, हाराचे डाग असतात. ते ओलसर फडक्याने पुसा. पाणी थेट काचेवर टाकलं तर ते चौकटीच्या कडेतून आत उतरतं. दमट हवेत फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहील. काचेसकटच फोनने त्याचा फोटो घ्या: तसबीर खिडकीच्या आडव्या उजेडात उभी करा, ऊन थेट पडू देऊ नका. फोन तिला समांतर धरा आणि फोनच्या मागे काळं कापड टांगा, म्हणजे तुमचं प्रतिबिंब काचेत येणार नाही. फोन अगदी जवळ नेला तर चेहरा फुगतो, म्हणून थोडं लांबून 2 पट झूमवर घ्या.

दुरुस्ती हाताने, आणि चेहऱ्यापासून

चेहऱ्यावरून गेलेली घडी तशीच राहिली तर एआय तिला सुरकुती किंवा केसाची बट समजतं आणि मान वळताना तीही वळते. बुबुळावरचा धुळीचा कण डोळ्यातली चमक होऊन बसतो. हे आधी फोटो-संपादनातल्या ‘हीलिंग’ ब्रशने (आजूबाजूचा भाग घेऊन डाग बुजवणाऱ्या साधनाने) काढा. मागच्या पडद्यावरचे डाग राहिले तरी फार बिघडत नाही.

धूसर चेहरा उजळण्यासाठी जीएफपीगॅन आणि कोडफॉर्मर ही साधनं चालतात, पण ओळख बदलण्याचा सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. कोडफॉर्मरमध्ये 0 ते 1 असा एक आकडा ठेवता येतो. 1 कडे गेलं की चेहरा मुळाशी इमान राखतो, 0 कडे गेलं की देखणा पण परका होतो. 0.7 च्या खाली जाऊ नका. जो निकाल येईल तो मूळ स्कॅनवर ठेवून निम्मा पारदर्शक करा. मग मोठा करून तपासा: कपाळावरचं किंवा हनुवटीवरचं गोंदण आहे का? एआय ते डाग समजून पुसतं. चंद्रकोर कुंकू गोल टिकली तर झालं नाही ना? देवीचे व्रण, तीळ? यातलं काही गेलं असेल तर तेवढा भाग मूळ फोटोतून परत आणा.

रंग भरणं वेगळी गोष्ट आहे. एआयला लुगड्याचा रंग ठाऊक नसतो, ते अंदाज बांधतं. घरात तो रंग आठवणारं कुणी असेल तर विचारून भरा, नाहीतर कृष्णधवलच हलवा. तेच जास्त खरं वाटतं.

हलवण्याचे दोन मार्ग

पहिल्यात एका खऱ्या माणसाच्या व्हिडिओतली हालचाल फोटोतल्या चेहऱ्यावर बसवतात. डीप नॉस्टॅल्जिया असंच चालतं. लाइव्हपोर्ट्रेट हे 2024 चं खुलं साधनही असंच आहे आणि त्यात तुमचा स्वतःचा व्हिडिओ देता येतो. आजीच्या चेहऱ्यासाठी तिच्याच मुलीची मान हलवणं वापरलं तर लकब घरचीच येते. व्हिडिओची पहिली चौकट (फ्रेम) समोर बघणाऱ्या, शांत चेहऱ्याची हवी. खांदे स्थिर ठेवा आणि चेहरा चौकोनात कापून घ्या. एकट्या, समोर बघणाऱ्या माणसाच्या फोटोला हा मार्ग उत्तम. मान मात्र थोडीच वळवा, नाहीतर फेट्याची किंवा डोक्यावरच्या पदराची कड फाटल्यासारखी दिसते.

दुसऱ्यात फोटोबरोबर लेखी सूचना द्यायची. गूगलच्या जेमिनीतलं व्हिओ, क्लिंग, रनवे ही त्यातली नावं. इथे पदर, हात, झाडाची पानं, सगळंच हलू शकतं, म्हणून सगळंच बिघडूही शकतं. काय हलावं आणि काय हलू नये, हे दोन्ही लिहा: “कॅमेरा स्थिर. बाई एकदा पापणी लववते, ओठ मिटलेले ठेवून हलकं हसते. बोलत नाही. दागिने, कपडे, हात जसेच्या तसे.” ओठ मिटलेले ही सूचना सोडू नका. फोटोत दात दिसत नसतील तर तोंड उघडताच एआय ते बनवतं आणि चेहरा तिथेच परका होतो. नथ ओठाला टेकत असेल तर हसूसुद्धा नको, ती ओठात वितळते. तिथे नुसती पापणी आणि श्वास पुरे.

उभा फोटो आडव्या व्हिडिओसाठी दिला तर कडेची जागा एआय मनाने भरतं. आधीच साधी करडी पट्टी जोडून योग्य आकार करून द्या. एका सूचनेवर चार-पाच वेळा व्हिडिओ बनवा, दर वेळी निकाल वेगळा येतो. लांबी वाढवायला शेवटच्या चौकटीपासून पुढे नेऊ नका. प्रत्येक टप्प्याला चेहरा थोडा सरकत जातो. सुरुवातीची आणि शेवटची चौकट निवडता येत असेल तर दोन्हीकडे तोच फोटो द्या, म्हणजे चेहरा फिरून मूळ ठिकाणी येतो.

लग्नाच्या समूह फोटोत वीस माणसं एकदम हलवू नका. एकेक चेहरा कापून घ्या. चेहऱ्याची रुंदी 512 पिक्सेलच्या आसपास असेल तर काम छान होतं. 200 च्या खाली असेल तर तो चेहरा मुळाचा उरणारच नाही, तेव्हा स्थिर फोटोच ठेवलेला बरा.

घरच्यांना दाखवण्याआधी

गेलेलं माणूस अचानक डोळे उघडून बघतंय, हे दृश्य सगळ्यांना सोसत नाही. जाऊन वर्षही झालं नसेल तर जवळच्यांना आधी विचारा. वर्षश्राद्धाच्या दिवशी न सांगता टीव्हीवर लावू नका. त्या माणसाच्या तोंडी नवी वाक्यं घालू नका, ती त्यांनी कधी म्हटलेली नसतात. हयात असलेल्यांच्या फोटोला त्यांची परवानगी घ्या, आणि एखाद्या एआय सेवेवर फोटो चढवण्याआधी ती सेवा तो किती दिवस ठेवते, आपल्या एआयच्या प्रशिक्षणाला वापरते का, हे वाचा.

व्हिडिओच्या कोपऱ्यात ‘एआयने हलवलेला फोटो’ असं लिहा. फाइलच्या नावात माणसाचं नाव, फोटोचं अंदाजे साल आणि ‘एआय’ हा शब्द टाका. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हिडिओ दाबला जाऊन चेहरा पुन्हा धूसर होतो.