स्पाउस व्हिसा की पीआर? परदेशी स्थळ पाहण्यापासून हातात कार्ड येईपर्यंत

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडे स्थळ पाहताना पॅकेज विचारतात, शेती किती ते विचारतात, घर स्वतःचं आहे का हेही विचारतात. मुलगा परदेशात असेल तर आणखी एक प्रश्न सुपारी फुटायच्या आत विचारायलाच हवा: तो तिथे कोणत्या व्हिसावर आहे, आणि लग्नानंतर मुलीला कोणता व्हिसा मिळेल? हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. मुलीचं शिक्षण, नोकरी आणि वेळ पडली तर एकटीनं उभं राहण्याची ताकद या उत्तरावर ठरते. मुलगी परदेशात नोकरीला असेल आणि जावई तिच्या मागे जाणार असेल, तर हेच सगळं जावयालाही लागू आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या, कारण आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘स्पाउस व्हिसा’ म्हणतात. नवरा कामाच्या व्हिसावर असेल तर बायकोला मिळतो तो डिपेंडंट व्हिसा. नवरा तिथला नागरिक किंवा पीआरधारक असेल तर मिळणारा व्हिसा वेगळा, आणि बहुतेक देशांत तो बराच मोकळा असतो. तरी दोन्हींचा पाया एकच: चालू असलेलं लग्न. डिपेंडंट व्हिसाच्या पायात शिवाय नवऱ्याची नोकरीही असते. नोकरी गेली की दोघांचाही मुक्काम धोक्यात येतो.

पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, तोही स्वतःच्या नावावर. नोकरी बदला, सोडा, स्वतःचा धंदा काढा, पुन्हा कॉलेजात जा, इमिग्रेशनला विचारावं लागत नाही. घटस्फोट झाला किंवा जोडीदार गेला तरी एकदा मिळालेला हक्क त्यामुळे जात नाही. बँक गृहकर्जाला पटकन तयार होते आणि दर दोन-तीन वर्षांनी व्हिसा वाढवण्याची धाकधूक संपते. पासपोर्ट मात्र भारताचाच राहतो.

देशागणिक फरक

अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकोला एच-४ हा डिपेंडंट व्हिसा मिळतो. त्यावर थेट नोकरी करता येत नाही. कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मे २०१५ पासून मिळू लागला. पण नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी, म्हणजे अमेरिकेच्या पीआरसाठी, कंपनीनं केलेली याचिका) मंजूर झालेली असेल किंवा ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेमुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढलेला असेल तरच. म्हणून मुलाला ‘ग्रीन कार्ड लावलंय का’ असं मोघम विचारू नका. ‘आय-१४० मंजूर आहे का आणि प्रायॉरिटी डेट (रांगेतल्या जागेची तारीख) कोणती’ असं विचारा. नोकरीमार्गे येणाऱ्या ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची होते. त्या काळात नवऱ्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, आणि बायकोची मुदतही त्यातच मोजली जाते. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत ही अट काढण्याचा अर्ज, आय-७५१, भरावा लागतो. ही तारीख दोघांच्याही कॅलेंडरात हवी.

जर्मनीत चित्र बरंच चांगलं आहे. तिथे जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. ब्लू कार्डधारकाच्या (हा उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनच्या ए१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेची सक्तीही नाही. पण नेमकी इथेच गाडी अडते. सक्ती नाही म्हणून भाषा शिकली जात नाही, आणि पीआरच्या वेळी बी१, म्हणजे भाषेची मधली पातळी, आडवी येते. ब्लू कार्डवाल्याला स्वतःला २७ महिन्यांत पीआर मिळू शकतो, बी१ असेल तर २१ महिन्यांत. जोडीदाराचा नेहमीचा रस्ता पाच वर्षांचा. त्यात ६० महिने पेन्शनचा हप्ता भरलेला असावा लागतो, पण नवरा-बायको एकत्र राहत असतील तर तो एकाच्या नावावर असला तरी चालतो. भाषा मात्र ज्याची त्यालाच यावी लागते. तिथल्या समाजव्यवस्थेवरच्या ३३ प्रश्नांच्या परीक्षेत किमान १५ उत्तरं बरोबर यावी लागतात. आमचा सल्ला स्पष्ट आहे: लग्न ठरलं त्या महिन्यात ए१चा क्लास लावा आणि तिथे पोचल्यावर पहिल्या वर्षात बी१ उरका. पुढे लेकरू झालं की क्लासला वेळ काढणं फार अवघड जातं.

जपानला जाणाऱ्यांनी सगळ्यात जास्त सावध असावं, कारण तिथे अर्ज पडतो तो बारीकसारीक गोष्टींवर. डिपेंडंट व्हिसावर काम करायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते, आणि तीही आठवड्याला २८ तासांपुरती. दोन ठिकाणी काम केलं तरी मिळून २८च. तास ओलांडले तर तिचाच व्हिसा वाढवताना अडचण येते. पीआरसाठी साधारण नियम दहा वर्षांच्या वास्तव्याचा आहे. उच्च कौशल्याच्या गुणतक्त्यात (शिक्षण, अनुभव, पगार यांना गुण मिळतात) ७० गुण भरले तर तीन वर्षं, ८० भरले तर एक वर्ष पुरतं. हे गुण अर्जाच्या दिवशी भरून चालत नाही. तीन किंवा एक वर्षापूर्वीच्या तारखेलाही तितकेच भरावे लागतात. जपानी नागरिकाच्या किंवा पीआरधारकाच्या जोडीदाराला खऱ्या संसाराची तीन वर्षं आणि जपानमधलं सलग एक वर्ष पुरतं.

अर्ज नाकारला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कर, पेन्शन किंवा आरोग्य विम्याचा उशिरा भरलेला हप्ता. अर्जाआधी सगळी थकबाकी एकदम भरली तरी उशीर हा उशीरच धरला जातो. नोकरी बदलताना मधे महिनाभर खंड पडला, तर त्या महिन्याचं पेन्शन आणि विमा वॉर्ड ऑफिसात जाऊन स्वतःच भरायचा असतो, आणि बहुतेकांकडून नेमका तोच राहतो. हप्ता बँकेतून आपोआप कापला जाईल अशी सोय करा. दुकानात भरत असाल तर तारखेच्या शिक्क्याची पावती किमान दोन वर्षं जपा.

आणखी एक गोष्ट खूप जणांना उशिरा कळते. जपानमध्ये नवऱ्याला पीआर मिळाला म्हणून बायकोचा डिपेंडंट व्हिसा आपोआप बदलत नाही. उलट, नवरा कामाच्या व्हिसावर राहिलेला नसल्यामुळे त्या व्हिसाचा आधारच जातो. तिनं लगेच ‘पीआरधारकाचा जोडीदार’ या दर्जासाठी अर्ज करावा. त्यावर कामाच्या तासांचं बंधन नाही. शक्य असेल तर दोघांनी पीआरचा अर्ज एकाच वेळी टाकावा. जोडीदार व्हिसावर असताना घटस्फोट झाला तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं.

इंग्लंडमध्ये नागरिकाच्या जोडीदाराला बाहेरून अर्ज केल्यास आधी ३३ महिन्यांचा व्हिसा मिळतो, मग ३० महिन्यांची वाढ, आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज. एप्रिल २०२४ पासून या व्हिसासाठी वर्षाला २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट आहे. कॅनडात नागरिकानं किंवा पीआरधारकानं जोडीदाराला स्पॉन्सर केलं तर थेट पीआरच मिळतो. तो टिकवायला दर पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं.

गावाकडची कागदपत्रं

लग्नाची नोंद ९० दिवसांच्या आत करा, खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेत किंवा नगरपालिकेत. पत्रिका, फोटो, पुरोहित आणि तीन साक्षीदार गावात आहेत तोवरच हे काम उरकतं. व्हिसाच्या अर्जासाठी घाई होते ती इथला उशीर झाल्यामुळेच.

नावाचा घोळ आपल्याकडे सगळ्यात मोठा. टीसीवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, लग्नाच्या दाखल्यावर सासरी ठेवलेलं नवं नाव, आणि पासपोर्ट तिसऱ्याच स्पेलिंगचा. पासपोर्टवर नाव बदलण्याची सक्ती नाही. आमच्या मते ज्या नावानं डिग्री आहे तेच नाव पासपोर्टवर आणि लग्नाच्या दाखल्यावरही ठेवावं. नाव आधीच बदललेलं असेल तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी देऊन ती प्रत सगळ्या अर्जांना जोडा.

जन्मगावाचंही बघून घ्या. जुन्या पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव, हे परदेशातल्या अधिकाऱ्याला दोन वेगळी शहरं वाटतात. २०२३ च्या नामांतराच्या राजपत्राची प्रत भाषांतरासह जोडली की प्रश्न मिटतो. अपोस्टिल (दाखला खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) लागतं की नाही, हे त्या देशाच्या वकिलातीची यादी वाचून ठरवा. एजंट सांगतो म्हणून आधीच पैसे घालवू नका.

बाळंतपणाला माहेरी येताना

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण जर्मनीचा पीआर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर सहसा रद्द होतो. ब्लू कार्डावरून पीआर घेतलेल्यांना बारा महिन्यांची सवलत आहे. जपानमधून निघताना विमानतळावरच्या कार्डावर फक्त परत येण्याची खूण करून बाहेर पडलं तर एका वर्षात परतावं लागतं आणि ही मुदत वाढत नाही. जास्त राहायचं असेल तर निघण्यापूर्वीच रीएंट्री परमिट काढा. अमेरिकेच्या ग्रीन कार्डालाही वर्षाहून जास्त राहायचं असेल तर तेच. पीआरधारकाचं बाळ जपानमध्ये जन्मलं तर ३० दिवसांत त्याच्या पीआरचा अर्ज करता येतो. बाळ लातूरला जन्मलं तर आधी पासपोर्ट, मग व्हिसा, आणि त्यात काही महिने जातात. सहाव्या महिन्यात तिकीट काढण्याआधी हा हिशेब दोन्ही घरांनी मिळून करावा.

घरात त्रास असेल तर

‘व्हिसा माझ्यामुळे आहे’ या धमकीखाली अनेक मुली गप्प बसतात. बसू नका. जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाला असेल तर लग्न मोडल्यावरही स्वतःच्या नावानं राहता येतं, आणि मारहाण होत असेल तर तीन वर्षांची अटही शिथिल होते. तिथला मदत क्रमांक ११६०१६, जपानमधला #८००८. पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवा, आणि लग्नाचा दाखला व रेसिडेन्स कार्ड यांचे स्कॅन माहेरच्या एका माणसाकडे असू द्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार घरचेही नोंदवू शकतात.

शेतीचं काय?

पीआर घेतला म्हणून सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. वडिलोपार्जित शेती आणि वारसाहक्कानं येणारी जमीन ठेवता येते. परदेशात स्थायिक झाल्यावर नवी शेतजमीन विकत मात्र घेता येत नाही, मग पासपोर्ट भारताचा असो वा हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं) असो. तिथलं नागरिकत्व घेतलं तर भारताचं आपोआप संपतं. पीआरनं ते संपत नाही. वाटणी किंवा वारसनोंद बाकी असेल तर तलाठ्याकडचं काम जाण्याआधी उरका, किंवा भावाच्या वा वडिलांच्या नावे फक्त त्याच कामापुरतं मुखत्यारपत्र करून ठेवा.