डॉग शोमध्ये शेजारचा स्पर्धक खोड्या काढतो तेव्हा

रिंगमध्ये परीक्षक एकेका कुत्र्याला देतात तो वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटांचा. तेवढ्यात तुमचं लक्ष कुत्र्यावरून उडालं की खोडी काढणाऱ्याचं काम झालं. तुम्ही चिडलात की हातातली लीड, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, ताठ होते, कुत्र्याला ते लगेच कळतं आणि त्याची शेपूट खाली जाते. म्हणून रिंगमध्ये कुत्रा सांभाळायचा आणि भांडण असेल तर ते बाहेर, कागदावर करायचं.

आधी ठरवा: अजाणता, नियमभंग की गुन्हा

पहिल्यांदाच शोला आलेलं कुटुंब रिंगच्या दोरीला टेकून 'शेरू, इकडे बघ!' असं ओरडत असतं. याला डबल हँडलिंग म्हणतात, म्हणजे रिंगबाहेरून कुत्र्याचं लक्ष वेधणं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांत त्याला थेट मनाई आहे, पण त्या बिचाऱ्यांना ते ठाऊकच नसतं. शांतपणे सांगितलं की बहुतेक लोक थांबतात. तोच प्रकार अनुभवी हँडलरचा (रिंगमध्ये कुत्रा फिरवणाऱ्याचा) माणूस चेंडू दाखवत दोरीच्या कडेकडेने धावत करत असेल, तर तो नियमभंग. आणि कुत्र्याला काही खाऊ घालणं, इजा करणं हा गुन्हा. पहिल्यासाठी एक गोड वाक्य, दुसऱ्यासाठी स्टुअर्ड (रिंगमधला परीक्षकांचा मदतनीस) आणि शो सेक्रेटरी, तिसऱ्यासाठी डॉक्टर आणि पोलीस. या तिन्हींची गल्लत केली की तक्रार करणाराच भांडकुदळ ठरतो.

आपल्याकडचे बहुतेक मोठे शो स्थानिक क्लब केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांखाली भरवतात. प्रवेश अर्जासोबत येणारं शेड्यूल घरीच वाचून ठेवा. तक्रार कोणाकडे, किती वेळात, शुल्क किती, हे त्यात पाहून घ्या. शोच्या दिवशी उन्हात ते शोधत बसायला कोणाला सुचत नाही.

घरची तयारी: चार-पाच आठवडे आधी

सगळ्यात जुनी खोडी म्हणजे चूं-चूं वाजणारं खेळणं. तुमचा कुत्रा स्टॅकमध्ये, म्हणजे परीक्षकांसाठी पाय नीट लावून स्थिर, उभा असतानाच शेजारी ते खिशात दाबतो. यावर उपाय सरावाचाच. कुत्र्याला उभं करा आणि घरातल्या कोणालातरी मागे दहा पावलांवर खेळणं वाजवायला सांगा. कुत्र्याने तुमच्याकडे पाहिलं की लगेच बेट, म्हणजे खाऊचा तुकडा, द्या. रोज दोनदा, प्रत्येक वेळी तीन मिनिटं पुरे. दर आठवड्याला अंतर दोन-तीन पावलांनी कमी करा. कुत्रा वळून पाहायला लागला तर अंतर फार लवकर कमी झालं असं समजा आणि एक टप्पा मागे जा.

बेट म्हणून उकडलेली कोंबडीची कलेजी चांगली, पण ओली असेल तर हातात तिचा भुगा होतो आणि जमिनीवर सांडतो. उकडून, पातळ काप करून ते मंद आचेवर कोरडे करा आणि वाटाण्याएवढे तुकडे करा. दुसऱ्याने सांडलेल्या बेटवरून कुरकुर करण्याआधी आपलं सांडत नाही ना, एवढं पाहावं.

रिंगमध्ये

*मागून चिकटणं.* फेरी सुरू झाली की मागचा हँडलर कुत्रा तुमच्या कुत्र्याच्या शेपटीला लावतो. कारवानसारखा हळवा शिकारी कुत्रा अशा वेळी मागे वळून पाहतो, पाठ वाकवतो आणि चाल बिघडते. फेरी सुरू होण्याआधीच वळून, हसत सांगा: 'दादा, दोन कुत्र्यांएवढं अंतर ठेवा हं, माझा बुजतो.' हे स्टुअर्डला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोला. तुम्हीही पुढचा कुत्रा तीन-चार मीटर गेल्यावरच निघा, म्हणजे तुम्हाला मध्येच थांबावं लागणार नाही आणि मागच्यालाही सबब मिळणार नाही. तरीही चिकटला तर परीक्षकांकडे पाहून हात वर करा आणि रांगेत शेवटी जाण्याची परवानगी मागा. आपणहून जागा बदलू नका.

*आड येणं.* रांगेत उभं राहताना पुढचा हँडलर कुत्रा अर्धं पाऊल आत सरकवतो, मग त्याच्या पुढचाही सरकवतो आणि रांग धनुष्यासारखी वाकते. शेवटचा कुत्रा परीक्षकांना दिसेनासा होतो. इथे सगळ्यांसारखं पुढे सरकण्याचा मोह होतोच. त्यापेक्षा पुढच्या कुत्र्यापासून नेहमीपेक्षा एक पाऊल जास्त जागा सोडा. मोकळ्या जागेत उभा असलेला कुत्रा परीक्षक कुठूनही आले तरी पूर्ण दिसतो. उभं राहण्याआधी जमीन पाहा. पुढचे पाय खड्ड्यात असले तर सरळ पाठही उतरती दिसते, आणि कधीकधी ती खड्ड्याची जागा तुमच्यासाठी मुद्दामच 'सोडलेली' असते.

*अंगावर येणारा कुत्रा.* शेजारचा कुत्रा गुरगुरत झेपावत असेल आणि हँडलर लीड सैल ठेवून गंमत बघत असेल, तर पहिलं काम म्हणजे दोघांच्या मध्ये स्वतः उभं राहणं. आपल्या कुत्र्याला उचलून छातीशी धरू नका; मोठ्या जातीत ते जमत नाही आणि लहान जातीत कुत्रा आणखी घाबरतो. मग थेट परीक्षकांना सांगा. आक्रमक कुत्र्याला रिंगबाहेर काढण्याचा अधिकार त्यांचाच. त्यानंतर तुमच्या कुत्र्याला अंग झटकू द्या, चार पावलं चालवा आणि मगच पुन्हा उभा करा. घाईने स्टॅक केलात तर ताठरलेले पाय तसेच राहतात.

परीक्षकांशी बोलताना कुत्र्याचं नाव, वडिलांचे किताब, मागच्या शोचा निकाल यातलं काहीही तोंडातून निघता कामा नये. शेजारचा असं बोलत असला तरी तुम्ही नाही. परीक्षण संपेपर्यंत परीक्षकांनी कॅटलॉग, म्हणजे कुत्र्यांची नावं आणि माहिती असलेली पुस्तिका, पाहायचा नसतो, मग तोंडी कॅटलॉग ऐकवणं तर आणखी वाईट दिसतं.

क्रेटपाशी

खरं नुकसान रिंगमध्ये क्वचितच होतं. जिथे कोणी बघत नाही तिथे होतं. क्रेट, म्हणजे कुत्र्याला बसवायचा पिंजरा, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका. तिन्ही बाजू जाळीदार कापडाने झाका, म्हणजे हवा खेळती राहते. दाराला स्क्रूचं कॅराबिनर (फिरवून बंद होणारी धातूची कडी) लावा. पाणी घरचं न्या. कात्री, कंगवे, स्प्रे बॅगेत बंद ठेवा. केसाळ जात असेल तर सकाळीच दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, कारण कापलेली केसांची बट नंतर सिद्ध करता येत नाही. क्रेटपाशी एक माणूस कायम हवा. एकटेच असाल तर शेजारच्या स्पर्धकाशी आळीपाळीने राखण ठरवा. यातून मैत्रीही होते.

कुत्रा अचानक लाळ गाळू लागला, थरथरू लागला, उलटी झाली तर आधी शोच्या पशुवैद्याकडे न्या. वेळ लिहून ठेवा. उलटी आणि उरलेलं खाणं स्वच्छ पिशवीत बांधून थंड ठेवा. पण तोपर्यंत कोणाचंही नाव घेऊ नका. २०१५ साली इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स शोहून बेल्जियमला परतलेला जॅगर नावाचा आयरिश सेटर मेला. पोटात विष लावलेलं मांस सापडलं आणि शोमधल्या स्पर्धकांवर जगभर संशय घेतला गेला. तपासणीत विष काही तासांत परिणाम करणारं निघालं, म्हणजे ते घरी पोचल्यावरच पोटात गेलं असणार. तोवर बिनबुडाचे आरोप सगळीकडे पोचले होते.

विषप्रयोगाचा वैद्यकीय पुरावा असेल तर मात्र क्लबपाशी थांबू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारणं, विष देणं, अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

तक्रार कशी लिहायची

त्याच दिवशी लिहा आणि शो सेक्रेटरीकडे देऊन पोच घ्या. 'नीच', 'मुद्दाम', 'नेहमीचंच' असले शब्द काढून टाका. नमुना असा (आर्मबँड म्हणजे हँडलरच्या दंडावरचा क्रमांकाचा पट्टा):

'रिंग क्र. २, ओपन वर्ग, दुपारी १२.१०. आर्मबँड क्र. १४ च्या हँडलरने शेवटच्या रांगेत दोनदा खेळणं वाजवलं. स्टुअर्डना त्याच वेळी सांगितलं. आर्मबँड क्र. १७ आणि २१ च्या हँडलरनी पाहिलं. व्हिडिओ सोबत आहे.'

एवढंच. व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नका आणि कापाकापी करू नका. निकालाविरुद्ध तक्रार करू नका. क्रम लावण्याचा निर्णय परीक्षकांचा आणि तो अंतिम असतो. निकाल आणि वागणूक एकाच कागदावर आली की समिती 'हरला म्हणून रडतोय' असं म्हणते, आणि तिचंही अगदीच चुकत नाही.

संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सेटिंग होतं', 'कुत्र्याच्या केसांना रंग लावलाय' सुरू होतं. त्या रात्री काही लिहू नका. नाव, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. दुसऱ्या दिवशी ॲडमिनला खाजगीत एकच ओळ पाठवा: 'माझ्या कुत्र्याबद्दलचा हा दावा खोटा आहे, कृपया काढावा.' रंगाचाच आरोप असेल तर पुढच्या शोला ओला पांढरा रुमाल स्वतःच पुढे करा आणि म्हणा, 'घ्या, पुसून बघा.'