अनड्युलेटरची चुंबकरांग जुळवताना: मोजणी, मांडणी, शिमिंग

अनड्युलेटर म्हणजे इलेक्ट्रॉनच्या बीमला नागमोडी चालवून त्यातून प्रकाश काढणाऱ्या, समोरासमोरच्या दोन चुंबकरांगा. त्यात बसणारे निओडिमियम चुंबकाचे ठोकळे एकाच मापाचे मागवले तरी एकसारखे येत नाहीत. एकाच लॉटमध्ये ताकद टक्काभर आणि चुंबकत्वाची दिशा अंशभर इकडेतिकडे असते. म्हणून अनड्युलेटरच्या कामात बराचसा वेळ मोजण्यात जातो, आणि तिथे घाई केली की पुढे शिमिंग (पातळ पत्रे चिकटवून क्षेत्र सुधारणं) करता करता जीव मेटाकुटीला येतो.

नमुन्यादाखल पिरियड (क्षेत्राच्या एका पूर्ण लाटेची लांबी) ५० मिमी, गॅप (दोन रांगांमधलं अंतर) २० मिमी आणि लांबी एक मीटर धरू. हालबाख मांडणीत, म्हणजे प्रत्येक ठोकळ्याची चुंबकत्वाची दिशा आधीच्यापेक्षा ९० अंशांनी फिरवलेली असते तिथे, दर पिरियडला चार ठोकळे लागतात: जाडी १२.५, उंची २५, रुंदी ६० मिमी. दोन्ही रांगांचे मिळून १६०. वीसेक जादा मागवा, निवडीला वाव हवा. रेमनन्स (ठोकळ्यात कायम राहणारं चुंबकत्व) १.२ टेस्ला असेल तर मधल्या रेषेवर साधारण ०.५९ टेस्ला मिळतं. इंदूरच्या इंडस-२ सारख्या २.५ जीईव्ही ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन रिंगमध्ये अशा रांगेचा पहिला हार्मोनिक (प्रकाशाची मूळ तरंगलांबी) ५ नॅनोमीटरच्या आसपास येईल. गॅप एका मिलिमीटरने वाढली की क्षेत्र ६ टक्क्यांनी उतरतं, हे गर्डर (रांग पेलणारी तुळई) बनवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. दोन्ही टोकांना उभ्या चुंबकत्वाचे ठोकळे निम्म्या जाडीचे घ्या, नाहीतर बीम आत शिरतानाच वाकडा होतो.

प्रत्येक ठोकळ्याला नंबर द्या आणि हेल्महोल्ट्झ कॉइलमध्ये (समोरासमोरच्या दोन वेटोळ्यांत) चुंबकत्वाचे तिन्ही दिशांचे घटक मोजा. सोबत तापमान लिहा: एका अंशाला ताकद सुमारे ०.१ टक्का घटते. मग कोणता ठोकळा कुठे, हे संगणकावर मांडण्या बदलत चांगली शोधणाऱ्या सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंगने ठरवा. चुका एकमेकींना खोडतील अशा जोड्या लावायच्या.

होल्डर अ‍ॅल्युमिनियमचे. मुंबईच्या नागदेवी बाजारातून ३०४ स्टीलचे स्क्रू आणलेत तर प्रत्येकाला चुंबक लावून बघा. थंड घडणीत ३०४ थोडं चुंबकीय होतं. ३१६ किंवा पितळ बरं. नुसत्या इपॉक्सीवर भरवसा नको, क्लॅम्प हवाच: शेजारचा ठोकळा बसवताना आधीचा उसळून वर येतो आणि बोट सापडतं. दोन रांगांमधला ओढा २० मिमी गॅपला सुमारे ४०० किलोचा असतो.

मुंबईत पावसाळ्यात हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास जातो. २२ अंशांच्या खोलीतला ठोकळा तसाच बाहेर नेला की त्यावर पाणी धरतं आणि निकेलच्या मुलाम्याचा टवका उडालेल्या कडेपासून गंज आत शिरतो. आधी प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करा, मगच हलवा. रात्री एसी बंद ठेवू नका. गर्डरला पुन्हा स्थिर व्हायला तास न् तास लागतात.

जुळणीनंतर हॉल प्रोब (त्या जागेचं क्षेत्र मोजणारा सेन्सर) दर मिलिमीटरला वाचत न्या आणि फेज एरर काढा, म्हणजे एकेका वळणावर निघणारा प्रकाश तालातून किती सरकतो ते. तो ५ अंश आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं मूळ) असेल तर पाचव्या हार्मोनिकची तीव्रता आदर्शाच्या ८३ टक्के उरते. १० अंशांना निम्म्याहून कमी. पहिल्या हार्मोनिकवर समाधान असेल तर एवढी कटकट करू नका. क्षेत्राचा इंटिग्रल (पूर्ण लांबीवरची बेरीज) फ्लिप कॉइलने, म्हणजे रांगेत लांब ताणून उलटवायच्या वेटोळ्याने, मोजा, पण चुंबक नसतानाचं रीडिंग वजा करा, कारण पृथ्वीचंच क्षेत्र मीटरभरात ४० गॉस-सेंटीमीटर देतं.

जिथे शिखर जास्त येतं तिथे ठोकळ्याच्या तोंडावर ०.१ ते ०.२ मिमी लोखंडी पत्रा चिकटवा. एका वेळी एकच शिम, मग स्कॅन. २० मिमीला सगळं जमलं की गॅप ३० आणि ४० करून पुन्हा स्कॅन घ्या. तिथे बिघडत असेल तर शिम काढून ठोकळेच अदलाबदल करा.