फायबरवर हातोडा चालत नाही: पॅनेल सरळ करताना या चुका टाळा

बंगळुरूच्या सिपानीने १९८२ मध्ये आणलेल्या डॉल्फिनची बॉडी फायबरग्लासची होती. अशी जुनी गाडी गॅरेजात गेली की डेंटरचा हात सवयीने हातोड्याकडे जातो. ठोकलेला पत्रा नवा आकार धरतो; फायबर एकतर पुन्हा जागेवर येतं, नाहीतर तडकतं.

खरी महाग चूक पुढची. खचलेलं बॉनेट काढायचं, जमिनीवर उलटं टाकायचं आणि आतून रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेल्या मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चादरीचे, दोन थर चढवायचे. बॉनेट मजबूत होतं, पण बाकासकट! आधी ते गाडीवरच बसवून कडांच्या फटी सारख्या करा, वरून लाकडी पट्ट्यांचा सांगाडा क्लॅम्पने आवळा आणि सांगाड्यासकट काढून उलटं करा. बाक हट्टी असेल तर पॅनेल दुपारच्या उन्हात तापू द्या, मग थोडं थोडं आवळा. सांगाडा निदान दुसऱ्या दिवसापर्यंत सोडू नका. थरही एकदम जाड नको: रेझिन तापतं, आकसतं आणि पॅनेलला ओढून घेतं.

ताकदीसाठी लोखंडी पट्टी थेट चिकटवली की तिची रेघ बाहेर उमटते, काळ्या रंगावर तर हमखास. त्याऐवजी फोमची पट्टी ठेवून तिच्यावरून मॅट घ्या.

नवी मॅट पापुद्र्यासारखी सुटते? जुना भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडलाच नसणार. रेझिन आतपर्यंत ओलसर राहिलं तर ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचं माप तपासा. पॉलिस्टर रेझिनला साधारण वजनाच्या १ ते २ टक्के लागतो. अंदाजाने झाकणं ओतणाऱ्यांना माझा दंडवत. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारा द्रव) वेगळा मिळत असेल तर तो आधी रेझिनमध्ये ढवळा. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकत्र कधीच नको, भडका उडतो.

पॉलिस्टरऐवजी इपॉक्सी रेझिन वापरणार असाल तर मॅटऐवजी विणलेलं कापड घ्या. साध्या मॅटचे धागे धरून ठेवणारा डिंक पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही. मॅट ताठच राहते.

तड्यावर नुसती लांबी (पुट्टी) भरली तर तो रंगातून परत डोकावतो. तडा घासून उतरता करा, मागूनही मॅट द्या. रंग काढायला केमिकल नको, ते रेझिनही खातं. आणि लांबी घासताना पेपर बोटांनी धरू नका. हातभर लांब फळीला लावून तिरका फिरवा, नाहीतर रंग चढल्यावर लाटा दिसतात.