बॉबिन संपली की उठायचं

माप घ्यायला 'हात वर करा' म्हटलं की निम्म्या बायका 'आई गं' करतात. मग टेप गळ्यात टाकून मान-कंबर कशी सांभाळायची, ते माझं सांगणं सुरू होतं. परवा एक म्हणाली, ताई, हे लिहूनच काढा. मी डॉक्टर नाही. कराडात 19 वर्षं ब्लाउज शिवतेय, दोनदा कंबर धरून झोपलेय आणि एकदा मानेपायी बोटांना मुंग्या आल्यात. बाकीचं मला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडून कळलेलं.

त्यांनी पहिल्या दिवशी प्लास्टिकचा कणा हातात दिला. मानेत 7 मणके, पाठीत 12, कमरेत 5, त्याखालचे एकमेकांना जुळलेले. दोन मणक्यांमध्ये गादी. 'सरकते ती हीच का?' मी विचारलं. त्या म्हणाल्या, गादी साबणासारखी सरकत नाही, दोन्हीकडून घट्ट चिकटलेली असते. ती फुगते, कधी चिरून आतला गर बाहेर येतो, आणि तो नसेला टेकला की पायात कळ उतरते. बहुतेकदा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांचंच हे काम. शिवाय काहीही दुखत नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी कित्येकांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात. रिपोर्ट वाचून मी मशीन विकायला काढलं होतं, ते राहिलं.

माझं दुखणं होतं ते एकाच जागी तासन्‌तास बसण्याचं. वाकल्यानं काही होत नाही, वाकून राहिल्यानं होतं. ताठ बसूनही तीन तास काढले की पाठ भरून येतेच, मी करून पाहिलंय. मोबाईलचा गजर लावला, पण तो वाजला की 'एवढी बाही होऊ दे' व्हायचं. म्हणून आता बॉबिन अर्धीच भरते. दोरा अर्ध्या-पाऊण तासात संपतो, टाका पडेनासा होतो, थांबावंच लागतं. बॉबिन संपली की उठायचं, दारापर्यंत जायचं, हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागं झुकायचं, मग नवी भरायची. ऑफिसात बसणाऱ्यांनी पाण्याची लहान बाटली ठेवावी आणि ती संपली की भरायला स्वतः उठावं.

मान. डोकं साधारण 5 किलोचं असतं. 5 किलोचा पिठाचा डबा पोटाशी धरा, मग हात लांब करून धरा. मान पुढं काढून शिवताना किंवा मोबाईल बघताना मागचे स्नायू तेच करत असतात. मी मशीनला मोटर बसवली, पायडल सुटं झालं, मग टेबलाच्या पायांखाली दोन इंचांचे ठोकळे दिले. काम वर आलं, मान खाली जायची थांबली. पण खरा फरक पडला चष्म्यानं! चाळिशी लागली होती, सुईत दोरा दिसत नव्हता आणि मी दोष मानेला देत होते. उशी एकच, मानेखालची खळगी भरेल एवढी.

व्यायाम एकच सांगते. आरशासमोर उभं राहा, नजर सरळ. दोन बोटं हनुवटीवर ठेवून डोकं न वाकवता मागं ढकला. दुहेरी हनुवटी दिसली म्हणजे जमलं. पाच आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा. मान गरागरा फिरवू नका, आणि कुणाकडून कडाकडा मोडून तर अजिबात घेऊ नका.

कंबर. पूर्वी मी जमिनीवर ओणवी होऊन कटिंग करायची, आता कमरेएवढ्या टेबलावर करते. कापडाचा गठ्ठा असो की हंडा, पोटाशी धरून उचला आणि वळताना पाय वळवा, धड नको. उठल्या उठल्या तासभर जड काही उचलू नका, रात्रीत गाद्या पाणी पिऊन टम्म झालेल्या असतात.

तरीही उसण भरतेच. मला ऐन दिवाळीच्या गर्दीत, खाली पडलेलं हुकांचं पाकीट उचलताना भरली. सासूबाईंनी गल्लीतल्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, मुलाला बोलावून कमरेला पाय लावून घेतला. तिसऱ्या दिवशी उतार पडला, श्रेय त्याला गेलं. ते आपोआपही झालं असतं, पण पोराला लाडू मिळाला. हळूच पाय लावण्याला माझी ना नाही, लाथ मात्र मारून घेऊ नका.

अंथरुणात एक-दोन दिवसांपेक्षा जास्त राहू नये. निर्गुडीच्या पाल्याचा किंवा पिशवीचा शेक घ्यावा आणि दर तासाला घरातल्या घरात पाच मिनिटं चालावं. बहुतेकांचं चार-सहा आठवड्यांत निवतं. गोळ्या मनानं आणू नका, विशेषतः पित्त, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर. पट्टा मी चार महिने बांधला, कंबर आणखी लेचीपेची झाली.

मॅडमनी मग पालथं झोपायला लावलं. दोन मिनिटं नुसतं, नंतर कोपरांवर छाती उचलून. 1956 साली न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचा एक पेशंट डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून असाच पालथा पडून राहिला. ते घाबरले, आणि पेशंट म्हणतो, बरं वाटतंय! तिथून ही पद्धत निघाली. खूण अशी: पायातलं दुखणं वर कमरेकडे सरकलं तर चालू ठेवा, खाली पायाकडे उतरलं तर थांबा. सासूबाईंचं मात्र उलटं आहे. मागं झुकलं की त्यांचे पाय जड होतात, पुढं वाकून बसलं की सुटतात. अशांनी हा व्यायाम करू नये.

ताप, उगाच घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, रात्री झोपू न देणारी कळ, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शी आवरेना, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर शेक नको, पायाळू नको, सकाळची वाट नको. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा बोलवा आणि मोठा दवाखाना गाठा.